आखलेली वाट आणि चाललेली वाट: डोंगरातल्या जीपीएस नोंदी कशा सांभाळाव्यात

काही वर्षांपूर्वी सह्याद्रीतल्या एका घाटवाटेने आम्ही चौघे उतरत होतो. मोबाइलवर एक जीपीएक्स फाइल होती, म्हणजे जीपीएससाठी वाटेचे बिंदू साठवणारी फाइल, कुणीतरी इंटरनेटवर टाकलेली. पठारावरून रेषा डावीकडे वळत होती, म्हणून आम्हीही वळलो. कारवीच्या झुडपांतून अर्धा तास रेटल्यावर पुढे वाट नव्हती, कडा होता. रेषा मात्र कड्यावरून सरळ खाली कोकणात उतरलेली दिसत होती. माघारी फिरून अंधार पडता पडता खरी नाळ, म्हणजे कड्यातून खाली उतरणारी अरुंद घळ, सापडली. घरी आल्यावर ती फाइल उघडून पाहिली, तर एकाही बिंदूला वेळ नव्हती. म्हणजे त्या रेषेवरून कुणी चाललेलंच नव्हतं. कुणीतरी घरी बसून उपग्रहचित्रावर ती ओढली होती आणि आम्ही ती चाललेली वाट समजून बसलो होतो.

तेव्हापासून मी स्वतःच्या नोंदींत एक नियम कसोशीने पाळतो. आखलेली वाट वेगळी ठेवायची, चाललेली वेगळी. जीपीएसच्या नोंदी नीट लावणं म्हणजे प्रत्येक बिंदू कुठून आला, कधी आला आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे पाच वर्षांनीही कळेल अशी सोय करून ठेवणं. हे जमायला आधी शब्द नीट समजायला हवेत, कारण निम्मा घोटाळा शब्दांचाच असतो.

तीन शब्द: वेपॉइंट, रूट, ट्रॅक

उदाहरणाला राजगड ते तोरणा ही वाट घेऊ. संजीवनी माचीच्या अळू दरवाज्यातून खाली उतरायचं, डोंगरधारेने पश्चिमेकडे जायचं, मध्ये एक डांबरी रस्ता ओलांडायचा आणि पुढे बुधला माचीच्या अंगाने तोरण्यावर चढायचं. दोन्ही गड सरळ रेषेत सात-आठ किलोमीटरवर असतील, पण धार वळणावळणाची असल्याने पायांना बरंच जास्त पडतं.

वेपॉइंट म्हणजे एक बिंदू, जो तुम्ही मुद्दाम नोंदवला. अळू दरवाजा, डांबरी रस्ता जिथे ओलांडायचा ती जागा, पाण्याचं टाकं, फसवा फाटा. त्याला अक्षांश-रेखांश असतात, नाव असतं आणि जोडीला शेरा लिहिता येतो. काही अ‍ॅप याला 'फेव्हरिट' म्हणतात, काही 'सेव्ह्ड प्लेस', काही 'मार्कर'. वस्तू तीच.

वेपॉइंटशी हमखास गल्लत होणारा शब्द म्हणजे पीओआय, 'पॉइंट ऑफ इंटरेस्ट'. पीओआय नकाशासोबत आयता येतो: पेट्रोल पंप, मंदिर, रेल्वे स्टेशन. तो नकाशा बनवणाऱ्यांचा असतो, तुमच्या संग्रहात नसतो. नकाशा बदलला की तोही बदलतो किंवा नाहीसा होतो. एखादी जागा आपल्याला महत्त्वाची असेल, तर पीओआयवर विसंबू नका, तिथे स्वतःचा वेपॉइंट करून ठेवा.

रूट म्हणजे बेत. इथून तिथे, तिथून पुढे, असे मोजके बिंदू क्रमाने जोडलेले. राजगड-तोरण्याचा रूट मी पाच बिंदूंचा केला, तर यंत्र त्यांना सरळ रेषांनी जोडेल आणि त्या रेषा धार सोडून बेलाशक दरीवरून जातील. काही अ‍ॅप नकाशातल्या रस्त्यांना धरून रूट वळवतात. शहरात ते कामी येतं. डोंगरात मात्र नकाशात जी पाऊलवाट नाही, ती अ‍ॅपला ठाऊक असायचं कारण नाही. शिवाय एकाच रूटवरून दोन वेगळी अ‍ॅप दोन वेगळ्या वाटा काढून देऊ शकतात, हे बरेचदा ध्यानात येत नाही.

ट्रॅक म्हणजे उमटलेला माग. यंत्र दर काही सेकंदांनी किंवा मीटरांनी आपसूक बिंदू टाकत जातं. प्रत्येक बिंदूला स्थान, उंची आणि वेळ असते. तुम्ही चुकून ढोरवाटेला लागलात आणि परत फिरलात, तर तेही त्यात येतं. म्हणून ट्रॅक हा पुरावा आहे आणि रूट हा इरादा.

पंचाईत अशी की पुष्कळ संगणकी साधनांत हाताने ओढलेली रेषासुद्धा 'ट्रॅक' म्हणूनच जतन होते. नावावरून फरक कळत नाही, तो कळतो वेळेवरून. कुणाचीही फाइल हाती आली की मी आधी बिंदूंना वेळ आहे का ते पाहतो. वेळ असेल तर वेग तपासतो. सगळीकडे अगदी एकसारखा वेग दिसला, तर ती वेळ संगणकाने भरलेली असू शकते. माणूस चढणीवर हळू चालतो, पाण्याशी थांबतो, उतारावर सुटतो. खऱ्या ट्रॅकमध्ये हे सगळं दिसतं. एक खबरदारी मात्र घ्या: काही संकेतस्थळं फाइल देताना वेळ काढून टाकतात. त्यामुळे वेळ नसलेली प्रत्येक फाइल खोटी असेल असं नाही. ती पडताळलेली नाही, एवढंच धरून चाला.

चौथा शब्द सेगमेंट, म्हणजे ट्रॅकचा तुकडा. सिग्नल गेला किंवा तुम्ही नोंद थांबवून पुन्हा सुरू केली, की नवा तुकडा सुरू होतो. काही साधनं दोन तुकड्यांमधली फट सरळ रेषेने भरून दाखवतात. ट्रॅकमध्ये दोनशे मीटरची पट्टीने आखल्यासारखी रेघ दिसली, तर तिथे वाट आहे असं समजू नका. तिथे नोंदच नाही.

फाइलच्या पोटात

जीपीएक्स हा या सगळ्याचा सर्वमान्य साचा. त्याची पहिली आवृत्ती २००२ ची आणि आज सगळीकडे चालते ती १.१ आवृत्ती २००४ ची. वीस वर्षं उलटून गेली तरी ती बदललेली नाही, आणि जुन्या नोंदी जपणाऱ्यांच्या दृष्टीने हीच तिची मोठी जमेची बाजू आहे. ही साधी मजकुराची फाइल असते. एकदा नोटपॅडमध्ये उघडून पाहाच. डब्ल्यूपीटी या खुणेखाली वेपॉइंट, आरटीई खाली रूट, टीआरके खाली ट्रॅक, त्यात टीआरके-सेग म्हणजे तुकडे आणि त्यात टीआरके-पीटी म्हणजे एकेक बिंदू. तिन्ही प्रकार एकाच फाइलमध्ये सुखाने नांदू शकतात, आणि नेमका तिथेच घोळ होतो. मित्राने 'जीपीएक्स पाठवली' म्हटलं तर आत नेमकं काय आहे, हे उघडल्याशिवाय कळत नाही.

आतल्या वेळेबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ती भारतीय वेळ नसते, जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे सव्वापाचला गुंजवण्यातून निघालात, तर फाइलमध्ये आदल्या दिवसाचे २३:४५ दिसतील. तारखेवरून फाइलींना नावं देणारी साधनं यामुळे रविवारचा ट्रेक शनिवारच्या नावावर टाकतात. म्हणून नाव आपण द्यावं.

केएमएल हा दुसरा प्रचलित साचा, गूगल अर्थमुळे घरोघरी पोचलेला. केएमझेड म्हणजे तोच, पण दाबून लहान केलेला. चित्रं, रंग, जाडी अशी सजावट त्यात छान राहते. पण चाललेल्या ट्रॅकची वेळ केएमएलमध्ये नेताना अनेकदा गळते. म्हणून दाखवायला केएमएल आणि जपायला जीपीएक्स, असं मी ठरवून टाकलं आहे. एका साच्यातून दुसऱ्यात न्यायला जीपीएसबेबल हे मोफत साधन उत्तम. फक्त मूळ फाइल तशीच ठेवून नक्कल बदलायची.

अक्षांश-रेखांश: इथे घाई नको

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथली चूक नजरेला दिसत नाही आणि माणसाला दुसऱ्याच डोंगरावर नेऊन सोडते.

एकच जागा तीन तऱ्हांनी लिहिता येते. कळसूबाईचं शिखर घ्या: १९ अंश ३६ मिनिटं ४ सेकंद उत्तर, ७३ अंश ४२ मिनिटं ३३ सेकंद पूर्व. हेच दशांश अंशांत १९.६०११ आणि ७३.७०९२ होतं. मिनिटांना ६० ने आणि सेकंदांना ३६०० ने भागायचं आणि अंशांत मिळवायचं, इतकंच गणित. तिसरी तऱ्हा अंश आणि दशांश मिनिटांची, जी हातातल्या जुन्या जीपीएस यंत्रांवर आपसूक निवडलेली असते. आता कुणी ३६ मिनिटं ४ सेकंद नुसतं १९.३६०४ असं टाइप केलं, तर बिंदू जवळपास सत्तावीस किलोमीटर दक्षिणेला सरकतो. आकडे ओळखीचे दिसतात, म्हणून शंकाही येत नाही.

संग्रहात एकच तऱ्हा ठेवा, दशांश अंश. यंत्र, अ‍ॅप, संगणक सगळीकडे सेटिंगमध्ये तीच निवडा. किती आकडे ठेवायचे? अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. त्या हिशेबाने दशांश चिन्हानंतर दोन आकडे म्हणजे एक किलोमीटरचा ठोकताळा, चार आकडे म्हणजे अकरा मीटर, पाच आकडे म्हणजे एक मीटर. मोकळ्या आकाशाखाली चांगला मोबाइल तीन ते पाच मीटरच्या आत जागा सांगतो, त्यामुळे पाच आकडे पुष्कळ झाले. आठ आकडी रेखांश बघून भारावून जायचं काही कारण नाही.

क्रमाचाही घोळ असतो. बोलताना आणि बहुतेक अ‍ॅपमध्ये आधी अक्षांश, मग रेखांश. केएमएलच्या पोटात मात्र आधी रेखांश असतो. एक्सेलमधून बिंदू आणताना रकाने उलटे पडले, तर राजगड थेट नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडतो. आपल्यापुरती तपासणी सोपी आहे: महाराष्ट्रातला बिंदू असेल तर पहिला आकडा १५ ते २२ च्या आणि दुसरा ७२ ते ८१ च्या दरम्यान हवा. राजगड १८.२४ आणि ७३.६८ च्या आसपास आहे. दोन्ही आकडे शून्य आले असतील तर बिंदू आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात दिसेल. म्हणजे नोंद झालीच नव्हती.

जुने सर्वेक्षण नकाशे वापरणाऱ्यांसाठी दोन शब्द. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या संदर्भ चौकटीत काम करतं. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट एव्हरेस्ट गोलाभावर, म्हणजे पृथ्वीचा आकार म्हणून धरलेल्या एका वेगळ्या गणिती गोलावर, आधारलेले आहेत. २००५ च्या नकाशा धोरणानंतर निघालेली खुली मालिका डब्ल्यूजीएस ८४ वर आहे. जुन्या टोपोशीटवरून अक्षांश-रेखांश काढून थेट मोबाइलमध्ये भरले, तर आपल्याकडे शंभर मीटरच्या आगेमागे फरक पडतो. गाव शोधायला एवढा फरक चालतो. नाळेचं तोंड शोधायला अजिबात चालत नाही. असे बिंदू घेतलेच तर शेऱ्यात 'जुन्या टोपोशीटवरून' असं लिहून ठेवा.

उंचीचंही असंच आहे. उपग्रहांवरून निघणारी कच्ची उंची एका गणिती गोलाभापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात समुद्रसपाटी त्या गोलाभाच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. ही दुरुस्ती न करणारं अ‍ॅप गडाची उंची पाटीवरच्यापेक्षा तेवढ्याने कमी दाखवतं, आणि अलिबागच्या किनाऱ्यावर चक्क उणे आकडा देतं. यंत्र बिघडलेलं नसतं. सेटिंगमध्ये जिऑइड किंवा समुद्रसपाटीची दुरुस्ती शोधून ती सुरू करा.

निघण्याआधी, घरी

ट्रेकच्या नावाचं एक फोल्डर करा. मिळतील तेवढे ट्रॅक त्यात आणा, एकावर विसंबू नका. तीन वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या ऋतूंतले ट्रॅक एकमेकांवर टाकून पाहा. जिथे तिन्ही रेषा एकत्र चालतात तिथे वाट मळलेली आहे. जिथे फाकतात तिथे एकतर पठार आहे किंवा लोक चुकले आहेत. फाकण्याच्या प्रत्येक जागी स्वतःचा वेपॉइंट टाका आणि नावाची सुरुवात 'फाटा' ने करा. या एका कामाने माझ्या जितक्या चुका टळल्या, तितक्या दुसऱ्या कशाने टळल्या नसतील.

मग स्वतःची आखणी करा आणि नावातच लिहा: 'राजगड-तोरणा आखलेली'. ट्रेक झाल्यावर हे नाव बदलायचं नाही.

नकाशा आधीच उतरवून ठेवा. ऑसमअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्ससारखी अ‍ॅप महाराष्ट्राचा नकाशा फोनमध्येच ठेवतात, त्यामुळे रेंज नसताना अडत नाही. गूगल मॅप्सच्या अ‍ॅपमध्ये जीपीएक्स थेट उघडत नाही. गूगलच्या माय मॅप्समध्ये आणता येते, पण ते संगणकावर बसून आखायला ठीक. डोंगरात त्याच्या भरवशावर जाऊ नये.

फोनमध्ये आणलेली फाइल विमान मोड लावून एकदा उघडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाइल नुसती दिसणं आणि ती अ‍ॅपमध्ये आयात होणं, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पायथ्याला पोचल्यावर हे कळून उपयोग नाही.

पायथ्याच्या गावात

रेंज असतानाच जीपीएस सुरू करून जागा पक्की होऊ द्या आणि मग विमान मोड लावा. विमान मोडमध्ये बहुतेक फोनचं जीपीएस चालू राहतं आणि बॅटरी खूप वाचते. पण रेंजशिवाय कोरडी सुरुवात केली तर वेळ लागतो, कारण उपग्रहाने आपली कक्षा सांगायलाच अर्धा मिनिट जातं आणि सगळ्या उपग्रहांचं वेळापत्रक उतरायला साडेबारा मिनिटं. फोन खिशात हलत असेल, वर झाडं असतील, तर आणखी जास्त. अँड्रॉइडवर त्या अ‍ॅपची बॅटरी-बचत बंद करा, नाहीतर पडदा विझला की फोन नोंदही बंद करतो आणि ट्रॅक दोन तासांनी तुटलेला सापडतो.

नोंदीचं अंतर किती ठेवायचं? दर सेकंदाला एक बिंदू घेतला तर दहा तासांत ३६,००० बिंदू होतात. डोंगरात आपण ताशी दोन-तीन किलोमीटर चालतो, म्हणजे पाच सेकंदांत फार तर चार मीटर. पाच सेकंद पुरे होतात, बिंदू ७,२०० वर येतात. हातातल्या यंत्रांना तर मर्यादाच असते. जतन केलेल्या ट्रॅकला १०,००० बिंदूंची हद्द असलेल्या यंत्रात सेकंदाला एक या हिशेबाने जेमतेम पावणेतीन तासांची वाट मावते.

वाटेत

ट्रॅक आपोआप होतो. वेपॉइंट आपोआप होत नाही, तो थांबून करावा लागतो, आणि त्याचंच मोल जास्त आहे. कुठे थांबायचं? पाणी, फाटा, कातळटप्पा, घसाऱ्याचा भाग, मुक्कामाची सपाटी, आणि गावाकडे उतरणाऱ्या आडवाटा. ही शेवटची नोंद लोक विसरतात, आणि कुणाचा पाय मुरगळला की तीच लागते.

बिंदू घेताना दहा-वीस सेकंद उभे राहा. अचूकतेचा आकडा खाली येऊ द्या, मग बटण दाबा. हातातल्या बऱ्याच यंत्रांत सरासरी काढून बिंदू घेण्याची सोय असते, टाक्यासारख्या कायमच्या जागेला ती वापरा. खोल नाळेत मात्र कुठल्याच आकड्यावर फार भरवसा ठेवू नये. हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेसारख्या ठिकाणी दोन्ही बाजूंना कातळभिंती असतात. आकाशाची पट्टी दिसते तेवढीच, आणि उपग्रहांचे संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोचतात. ट्रॅक मग या भिंतीवरून त्या भिंतीवर उड्या मारतो. अशा जागी दगड, झाड, झेंडा, बाण या डोळ्यांना दिसणाऱ्या खुणा शेऱ्यात लिहिणं जास्त कामाचं.

जेवायला तासभर बसणार असाल, तर नोंद थांबवा. बसल्या जागी यंत्र इकडेतिकडे बिंदू टाकत राहतं, कोळ्याच्या जाळ्यासारखा गुंता होतो आणि न चाललेलं अंतर हिशेबात चढतं. उठताना पुन्हा सुरू करायला विसरू नका, म्हणजे झालं. विसरण्याची सवय असेल तर चालूच ठेवा. गुंता नंतर साफ करता येतो, पण जो भाग नोंदलाच नाही तो कुठून आणणार?

त्याच संध्याकाळी

आठवड्याने बसू म्हटलं की 'वेपॉइंट ०४७' म्हणजे काय हे आठवत नाही. म्हणून परतीच्या गाडीत किंवा त्याच रात्री एवढं करावं.

आधी कच्ची फाइल यंत्रातून काढून 'कच्च्या' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. तिला पुढे कधीही हात लावायचा नाही. मग तिची नक्कल घेऊन सफाई करा. सुरुवातीचा गाडीतला प्रवास कापा. एकटेच दूर उडालेले बिंदू काढा. जेवणाच्या जागचा गुंता सोडवा. चुकून गेलेल्या आडवाटा कापण्याआधी विचार करा. मी त्या वेगळ्या ट्रॅकमध्ये 'चुकीची वाट' या नावाने जपतो. पुढच्या माणसाला त्यांचा उपयोग बरोबर वाटेइतकाच होतो.

बिंदू कमी करायचे असतील, तर 'सुलभ करा' किंवा 'फिल्टर' अशी सोय असते. सरळ भागातले अनावश्यक बिंदू ती काढते आणि वळणं राखते. रेषेला मूळ मागापासून पाच मीटर सरकायची सूट दिली तर डोंगरातला ट्रॅक बिघडत नाही. पन्नास मीटरची दिलीत तर वळणं सपाट होतात आणि रेषा पुन्हा कड्यावरून जायला लागते.

एकूण चढाईच्या आकड्यावर फार जीव लावू नका. उंचीत प्रत्येक बिंदूमागे थोडी थरथर असते, आणि हजारो बिंदूंची थरथर बेरजेत मिळाली की चढाई फुगते. दोन अ‍ॅप एकाच फाइलची वेगळी चढाई दाखवतात ती यामुळेच.

नाव आणि शेरा

वेपॉइंटचं नाव प्रकाराने सुरू करावं: पाणी, फाटा, धोका, मुक्काम, गाव, चढ. मग जागा. 'पाणी-पद्मावती तळं', 'फाटा-अळू दरवाज्याखाली'. असं केलं की यादी लावताना सगळं पाणी एकत्र येतं. रंग आणि चिन्हांवर अर्थ सोपवू नका. एका अ‍ॅपमधलं निळं थेंबाचं चिन्ह दुसऱ्यात गेलं की साधा झेंडा होतो. नावातला 'पाणी' शब्द कुठेही गेला तरी पाणीच राहतो.

देवनागरीत नावं द्यायला जीपीएक्सची काही हरकत नाही, आणि मोबाइल-संगणकावर ती नीट दिसतात. हातातल्या काही यंत्रांवर मात्र नुसते चौकोन उमटतात. तसं यंत्र असेल तर नाव रोमन लिपीत आणि शेरा मराठीत ठेवा.

शेऱ्यात तीन गोष्टी हव्यात: कधी पाहिलं, काय पाहिलं, कुणी पाहिलं. सह्याद्रीत 'पाणी आहे' या वाक्याला महिन्याशिवाय काही अर्थ नाही. नोव्हेंबरात काठोकाठ भरलेलं टाकं एप्रिलमध्ये तळाला जातं आणि मे महिन्यात त्यात चिखल उरतो. माझ्या एका टाक्याचा शेरा असा आहे: 'नोव्हेंबर: भरपूर, पिण्याजोगं. फेब्रुवारी: अर्धं, गाळून घ्यावं. एप्रिल: गावकऱ्याच्या सांगण्यानुसार कोरडं, स्वतः पाहिलेलं नाही.' प्रत्येक ओळीला वर्ष जोडलेलं आहे. नवी नोंद जुनीच्या खाली लिहायची, जुनी पुसायची नाही. काही वर्षांत त्या टाक्याचं वर्षचक्रच हाती येतं.

वाटेबद्दलही तसंच. पावसाळ्यानंतर कारवी आणि गवत इतकं माजतं की मळलेली वाटही हरवते. उन्हाळ्यात वणव्याने सगळं उघडं पडतं आणि नको तिथे वाटा फुटलेल्या दिसतात. म्हणून ट्रॅकच्या नावातही महिना येतो: '२०२३-११ राजगड-तोरणा चाललेली'. वर्ष आधी, महिना मग, म्हणजे फोल्डरमध्ये आपसूक क्रम लागतो.

कपाट कसं लावायचं

माझ्याकडे चार फोल्डर आहेत: कच्च्या, आखलेल्या, चाललेल्या, आणि इतरांच्या. प्रत्येकात विभागवार पोटफोल्डर आहेत: मावळ, माळशेज, बागलाण वगैरे. आणि या चारांच्या बाहेर एक फाइल आहे, 'तपासलेले बिंदू'. तिच्यात फक्त तेच वेपॉइंट जातात जिथे मी स्वतः उभा राहिलो आहे. इतरांकडून आलेला बिंदू कितीही खात्रीचा वाटला, तरी तिथे जाऊन आल्याशिवाय तो या फाइलमध्ये जात नाही. मोठ्या ट्रेकला निघताना फोनमध्ये आधी हीच फाइल भरतो.

फोल्डर आणि यादी यांतला फरकही समजून घ्यायला हवा. फोल्डरमध्ये फाइल एकाच जागी असते. गार्मिनच्या बेसकॅम्पसारख्या साधनांत 'लिस्ट' असते, आणि एकच वेपॉइंट दोन-तीन याद्यांमध्ये असू शकतो. तोरण्यावरचा मेंगाई मंदिराचा बिंदू 'तोरणा' यादीतही असतो आणि 'मुक्काम' यादीतही. पण तो एकच बिंदू आहे. एका यादीतून त्याचं नाव बदललं तर दुसरीकडेही बदलतं. एखाद्या यादीतून काढणं आणि संग्रहातून पुसणं या तिथे दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पुसण्याआधी पडद्यावरचा प्रश्न शांतपणे वाचा.

दुबार बिंदूंची सफाई वर्षातून एकदा पुरते. एकाच टाक्याचे चार वेपॉइंट पाच-सात मीटरच्या अंतरात दिसतील. शेरे एकत्र करा, सर्वांत चांगल्या अचूकतेचा बिंदू ठेवा, बाकीचे काढा. आणि संपूर्ण संग्रहाची एक प्रत फोनच्या बाहेर, संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा. अ‍ॅप काढून टाकलं की त्यातले फेव्हरिटही जाऊ शकतात. म्हणून अ‍ॅपमधला संग्रह ही फक्त नक्कल समजावी. मूळ संग्रह जीपीएक्स फाइलींमध्ये, आपल्या हातात असावा.

दुसऱ्याला देताना

फाइल द्यायची तर आखलेली की चाललेली, कोणत्या महिन्यातली, किती जणांनी, दोर लागला का, हे फाइलच्या वर्णनातच लिहा. सोबतच्या मेसेजमध्ये लिहिलं तर तो मेसेज मागे राहतो आणि फाइल पुढे फिरत राहते. ट्रॅक घराच्या दारापासून सुरू होत असेल, तर दोन्ही टोकांचा किलोमीटरभर भाग कापा, नाहीतर तुमचा पत्ताच सगळ्यांना दिलात असं होईल. गिधाडांची घरटी, दुर्मीळ वनस्पतींच्या जागा, कुणाच्या खासगी रानातून जाणारी वाट, हे बिंदू मी सार्वजनिक फाइलमधून काढतो.

आणि अडचणीत जागा कळवायची वेळ आली, ११२ वर किंवा बचावपथकाला, तर जीपीएक्स पाठवत बसू नका. इंटरनेट नसलं तरी एसएमएस कधीकधी जातो. त्यात दशांश अंशांतले दोन आकडे लिहा, आधी अक्षांश, मग रेखांश, पाच-पाच दशांश आकड्यांचे, जोडीला जवळच्या गावाचं नाव आणि किती वाजता तिथे होतात ती वेळ. हा मजकूर मी निघण्याआधीच फोनच्या मसुद्यात तयार ठेवतो, फक्त आकडे भरायचे राहतात.